मास्तरांचं अक्षर

दवाखान्याच्या टेबलावरच्या बाटल्या बाजूला सारून यमुनाबाईने पदराने लाकूड पुसलं, कोरे कागद मांडले आणि खुर्ची मागे ओढली.

"बसा मास्तरानू. उजेड हयसर बरो आसा."

हरिश्चंद्र मास्तर बसले. वेंगुर्ल्याच्या बंदराकडच्या त्या वाडीत इंग्रजी लिहायचं म्हटलं की लोक त्यांच्याकडे धावत, मग तो अर्ज असो की मुंबईच्या पाकिटावरचा पत्ता. आजचं काम मोठं होतं. डॉक्टरीणबाई वारल्याला तीन महिने झाले होते आणि लंडनहून एका संस्थेचं पत्र आलं होतं. हिटलरच्या छळातून जीव घेऊन पळालेल्या ज्यू लोकांचे कागद ती संस्था जमवत होती. बाईंचे असतील ते पाठवा आणि त्यांच्याबद्दल ठाऊक असेल ते लिहून कळवा, एवढंच मागणं होतं.

"सांग," मास्तरांनी पेनाचं टोपण काढलं. "मी इंग्रजीत करून घालतंय."

यमुनाबाई सांगू लागली. अडतीस साली बाई व्हिएन्नाहून एक ट्रंक घेऊन आल्या. दवाखाना काढला. तरुण विधवा यमुना तेव्हा डोक्यावर माशांची पाटी घेऊन दारोदार फिरायची, तिला बाईंनी हाताशी घेतलं, सुई उकळायला शिकवलं. बाईंची आई मात्र तिकडेच राहिली होती.

"आवशीचा नाव रोझा हिर्श. लिवा."

"नाव कित्याक होया? 'म्हातारी आई' म्हटला काय झाला."

यमुनाबाईने त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढे सांगितलं. एकोणचाळीस साली आईला इकडे आणण्याचा परवाना मुंबईत तयार झाला होता. नुसती सही राहिली होती. तेवढ्यात पोलिसांना एक निनावी पत्र गेलं, की ही गोरी डॉक्टरीण रात्री कंदील हलवून जर्मन आगबोटींना खुणा करते. बाई कंदील घेऊन बाळंतपणाला जात, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण चौकशी लागली आणि परवाना अडकला. चार महिन्यांनी चौकशीत काही निघालं नाही तेव्हा लढाई सुरू झाली होती आणि दार बंद झालं होतं. पुढे नाझींनी म्हातारीला आगगाडीत घालून नेलं. ती गाडी कोणाला परत घेऊन आली नाही.

"निनावी पत्राचा लिवलात?"

"लिवलंय." मास्तरांनी पेनाचं टोक टीपकागदावर टेकवलं. शाई काही जास्त झाली नव्हती.

नाव हरिश्चंद्र आणि करणी अशी! त्या वर्षी मास्तर आजारपणाचा खोटा दाखला मागायला आले होते, तेव्हा यमुना दारातच उभी होती. बाईंनी दाखला दिला नाही. एवढीशी गोष्ट. चौकशी संपल्यावर फौजदाराने ते निनावी पत्र बाईंच्या हातात ठेवलं, आणि पुढे एकदा ट्रंकेतले कागद उन्हात घालताना यमुनेने ते पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं. पण तिच्या मुंबईतल्या भावाच्या, लवूच्या पाकिटांवर मास्तर पत्ता लिहीत, त्यात 'बॉम्बे'च्या शेवटच्या अक्षराला गळासारखी वळलेली शेपटी असे. तीच शेपटी त्या इंग्रजी पत्रात ओळीओळीला होती.

तिने तेव्हाच बाईंना सांगितलं. बाईंनी कागदाची घडी घातली.

"जळव नको. ठेव. आणि मी जिती आसय तवसर तोंड उघडू नको."

बाई गेल्या आणि शपथ सुटली.

यमुनाबाईने ट्रंकेतून ते पत्र काढून मास्तरांच्या हाताशी ठेवलं.

"ह्या पण धाडूचा आसा."

मास्तरांनी पत्र उलगडून पाहिलं. "जुनो कागद. ह्येचो काय उपयोग?"

"बाईन जपलेलो. लिवा, ह्या लिवणाऱ्याचा नाव कळाक नाय."

मास्तरांनी तेही लिहिलं. दोन कागद शेजारी शेजारी, दोन्हींवर तेच गळ. यमुनाबाईला मनापासून समाधान वाटलं. मासा लागला की लगेच ओढायचं नसतं, दोरी सैल सोडायची, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

उत्तर आलं चतुर्थी झाल्यावर. यमुनाबाईने ते आधी पोस्टमास्तरांकडून वाचून घेतलं, दोनदा. मग पाकीट नीट बंद करून हरिश्चंद्र मास्तरांना बोलावणं धाडलं. मास्तर खोटं वाचणार, याबद्दल तिला शंका नव्हती. त्यांनी खोटं बोलावं हीच तिची इच्छा होती. एक ओळ गाळली, की ती रवळनाथाच्या जत्रेत सगळ्या गावासमोर उभी राहून काय काय बोलणार, ते तिने पाठ करून ठेवलं होतं.

मास्तरांनी चष्मा चढवला. कागद पोचल्याचं वाचलं, आभार वाचले आणि थांबले.

"संपला?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नाय," ते म्हणाले. "पुढे असा आसा. तुमचं निवेदन आणि पोलिसांना गेलेलं निनावी पत्र एकाच हातचं दिसतं. लिहिणाऱ्याचं नाव ठाऊक असल्यास कळवावं. आणि डॉक्टरांच्या आईचं नाव निवेदनात नाही, तेही कळवावं."

शब्द न् शब्द. पोस्टमास्तरांनी वाचलं होतं तसाच.

यमुनाबाईचा संताप झाला. वीस वर्षं जपलेलं तिचं बोलणं या माणसाने एका दमात काढून घेतलं होतं.

"दाखल्यापायी, यमुने," मास्तर म्हणाले. "माका वाटला, पोलिस येतले, चार सवाल इचारतले, जातले."

"आणि म्हातारी?"

"आवस आसा ह्या माका ठाऊक नाय होता."

"आता ठाऊक आसा."

मास्तरांनी मान खाली घातली. त्यांनी कोरा कागद ओढला, पेन उघडलं आणि वरच्या ओळीवर स्वतःचं नाव लिहायला सुरुवात केली. यमुनाबाईने कागदावर तळवा ठेवला.

"थांब," ती म्हणाली. मास्तरांना तिने आजवर कधी अरे-तुरे केलं नव्हतं. "आधी तिचा नाव लिही. मगे तुझा."

मास्तरांनी तो कागद बाजूला केला, नवा घेतला आणि पेन टेकवून थांबले.

"रोझा... पुढे काय सांगितलंस गो?"

"हिर्श," यमुनाबाई म्हणाली, आणि ते नाव कागदावर पुरतं उतरेपर्यंत तिने पेनावरची नजर काढली नाही.