चंद्राला सगळं साकु आहे

“जेवणाचं काय? जेवण पोटभर मिळतंय न्हवं?” आनंदा फोनमध्ये एवढ्या मोठ्यानं ओरडत होता की बूथच्या काचेबाहेर रांगेत उभी राहिलेली माणसं हसायला लागली. ओरडल्याशिवाय हुबळीतून पुण्याला आवाज पोचतच नाही, असं त्याचं पक्कं मत. मी त्याच्या मागेच दाराशी उभी होते. पलीकडून त्याची पोरगी चंद्रा काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण याचा चेहरा असा फुलला की बस्स.

“साकु म्हणाली, अक्का!” बाहेर येऊन तो मला म्हणाला. “एल्ला साकु, अप्पा, म्हणाली. पोरीला सगळं पुरेसं हाय तिथं.”

“तुझ्याशी ती कन्नडात का बोलते रे?” मी विचारलं. “घरात तर आपण मराठीच बोलतो.”

“हुबळीची याद येत असंल,” तो म्हणाला आणि चपला फटफट वाजवत पुढे निघाला. वाटेत जो भेटेल त्याला सांगत सुटला, चंद्राचा फोन झाला, सगळं साकु आहे म्हणाली. पानवाल्यालाही सांगितलं. त्या बिचाऱ्यानं विचारलंही नव्हतं.

आनंदा माझा धाकटा भाऊ. रेल्वेच्या कारखान्यात फिटर. तो सातवीत असताना आमचे वडील गेले आणि याची शाळा सुटली, ती सल त्याच्या मनातून कधी गेलीच नाही. बायको सखू, तीही चंद्रा चौथीत असताना गेली. तेव्हापासून या बापाला दुसरं काही सुचलंच नाही. पोरगी शिकली पाहिजे, आणि ती कुठेतरी नाही, सगळ्यात मोठ्या ठिकाणी शिकली पाहिजे.

मी धारवाडला मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला आहे. चंद्रा अकरावी-बारावीला तिथंच होती, माझ्या डोळ्यांसमोर. वसतिगृह काही राजवाडा नव्हे. नळाला पाणी आलं तर आलं, आणि कॉलेजात केमिस्ट्रीचा मास्तर अर्धं वर्ष नव्हताच. पण पोरींचं एक होतं. शनिवारी रात्री घरून जे काही आलं असेल ते सगळ्या एकाच परातीत ओतायच्या. कुणाची शेंगाचटणी, कुणाची कारळाची, कुणाच्या कडक भाकऱ्या. आणि परातीभोवती बसून हसायच्या. कशाला हसायच्या ते त्यांना तरी ठाऊक होतं की नाही कुणास ठाऊक. चंद्राची जोडीदारीण दुर्गव्वा, अळणावरकडच्या एका खेड्यातली, तिला गणित यायचं नाही. चंद्रा तिला शिकवायची आणि दुर्गव्वा चंद्राची वेणी घालून द्यायची. अगं, सख्ख्या बहिणीसुद्धा एवढ्या गुण्यागोविंदानं नांदत नाहीत!

मग बारावीचा निकाल लागला. चंद्राला एवढे मार्क मिळाले की आमच्या विहारात तिचा सत्कार झाला, आणि पुण्याच्या त्या मोठ्या कॉलेजात तिला जागा मिळाली. नाव नाही घेत मी. माझ्या रागानं त्याचं काही बिघडणार नाही. तिथली पोरं मोठमोठे अधिकारी होतात, परदेशी जातात, हे खरंच आहे. खोटं कशाला बोलू?

चंद्राला धारवाडलाच राहायचं होतं. तिनं ते एकदाच सांगितलं, तेही माझ्यामार्फत. त्या दिवशी आमचं बहीण-भावाचं चांगलंच वाजलं.

“पोरगी इथं सुखात आहे,” मी म्हणाले.

“सुखात!” तो उसळला. “अक्का, सुखात ऱ्हायला आपल्याला कुणी सवड दिलीया? ज्यांचे आज्जे-पणजे शिकले त्यांनी हसत बसावं. आपल्याला आधी पुढं जायचंय. त्या कॉलेजाच्या दारातनं आपल्यातलं कोण गेलंय आजवर?”

“पुढं जाऊन बसायचं कुणाजवळ तिनं?”

“तू भाकऱ्या थाप,” तो म्हणाला.

मला असा राग आला! पण खरं सांगते, त्याचं चूक होतं असं मला आजही छातीठोक सांगता येत नाही. चंद्रा जून संपायच्या आत पुण्याला गेली. बापानं तिला नवी ट्रंक घेतली आणि तिच्यावर रंगानं नाव घालून घेतलं, खाली कॉलेजचंही नाव, तिच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत.

तर हे फोनचं. दर रविवारी आनंदा बूथवर जायचा. पलीकडे फोन वसतिगृहाच्या रेक्टरबाईंच्या टेबलावर. हा विचारायचा, अभ्यास? साकु. खोली? साकु. मैत्रिणी? साकु, अप्पा, एल्ला साकु. आणि हा तृप्त. कारखान्यात, विहारात, दाजीबानपेठेत कापड घ्यायला गेला तरी तिथं, सगळीकडे याचं एकच पालुपद.

एकदा मी स्वयंपाकघरात हे असंच बोलून गेले. धारवाडलाच पुढं शिकणारी दुर्गव्वा पीठ मळायला बसली होती. तिनं हात थांबवले.

“अत्ती,” ती म्हणाली, चंद्राच्या आत्याला तीही अत्तीच म्हणायची, “फोनजवळ तिथं कोण असतंय?”

“रेक्टरबाई. रांगेतल्या पोरी.”

“त्या मराठीच न्हवं? त्यास्नी कन्नड येत न्हाई.”

झालं. माझी तव्यावरची भाकरी तशीच करपली. अगं बाई, चांगलं सांगायला कुणी भाषा लपवतं का? चांगलं माणूस चारचौघांत ओरडून सांगतं, हा आनंदा सांगतो तसं. आणि साकु म्हणजे तरी काय? ताटावर हात आडवा धरून पोट भरलं म्हणतो, तोही साकु. मारणाऱ्याचा हात धरून आता पुरे कर म्हणतो, तोही साकुच. जन्मभर घराबाहेर कन्नड बोलत आलो आम्ही दोघं, आणि बापाला त्यातला एकच साकु ऐकू आला. त्याला हवा होता तो.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम हुबळीला गेले आणि बूथमध्ये त्याच्या हातातून फोन ओढून घेतला.

“चंद्रा, मी अत्ती. येनु साकु? काय पुरे झालं ग बाळा?”

मला वाटलं लाइन तुटली. मग एकदम तिचं रडणं ऐकू आलं, तोंडावर पदर दाबून रडावं तसं.

“एल्ला, अत्ती,” ती म्हणाली. सगळंच. आणि मग हळूच, “बर्तीनि.” मी येते.

मी बाहेर येऊन सांगितलं, तर आनंदा माझ्यावरच भडकला. म्हणाला, तूच तिच्या डोक्यात भरवलंस. म्हणाला, चार दिवस रडंल आणि ऱ्हाईल. समजूत घालायला म्हणून तो पुण्याची गाडी धरून गेला.

परत आला तो पोरीला घेऊन. मी दोघांना घ्यायला हुबळीच्या स्टेशनवर गेले होते. चंद्रा डब्यातून उतरली. गळ्याची हाडं दिसत होती. मी तिला जवळ घेतलं तर ती लाकडासारखी उभी राहिली. एवढी बडबडी पोर माझी!

आनंदानं तिथलं सगळं मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं, तेही एकदाच, तुटक तुटक. पाहुणा म्हणून त्याला मेसच्या दारापर्यंत जाऊ दिलं होतं. लांबच लांब टेबलं, पांढऱ्याशुभ्र फरश्या, पंखे. पोरी घोळक्याघोळक्यानं बसलेल्या. चंद्रा एका टोकाला. ताट संपलं, ती उठली, ताट धुतलं, निघाली. कुणी तिच्याकडे मान वर करून बघितलं नाही.

“कुणी छळलं का तिला? काही बोललं का?” मी विचारलं.

“आल्या आल्या पोरींनी इचारलं म्हणं, कंच्या यादीतनं नंबर लागला. हिनं सांगितलं. मग कुणी काय इचारलंच न्हाई. कुणी वाईट केलं न्हाई गं अक्का. कुणी कायच केलं न्हाई.”

रेक्टरबाई त्याला म्हणाल्या होत्या, अहो, या जागेसाठी मुली देव पाण्यात घालून बसतात, आणि तुम्ही सोडताय? तो त्यांना म्हणाला, “बरोबर हाय तुमचं बाई.” आणि ट्रंक उचलली.

धारवाडच्या कॉलेजात त्या वर्षी प्रवेश मिळणार नव्हता, वर्ष गेलंच. आमच्या वॉर्डनबाई भल्या, त्यांनी चंद्राला माझ्या खोलीत राहू दिलं. इकडे कारखान्यात लोकांनी आनंदाला सोडलं नाही. झेपलं नाही काय तिला, एकानं विचारलं. मारुती त्याच्या शेजारच्या मशीनवर, त्यानं मला हे सांगितलं. आनंदानं हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाला, “ती आली न्हाई. मी आणली तिला.” आणि पुन्हा कामाला लागला. विहारातही त्यानं तेच सांगितलं, सगळ्यांसमोर उभं राहून. तिथं सगळ्यांनी मान हलवली, पण पुढं कुणी त्याला काही विचारेना. माझा भाऊ घरी येऊन त्या दिवशी जेवला नाही.

चंद्रा कितीतरी दिवस गप्पच होती. दुर्गव्वा रोज येऊन तिची वेणी घालायची, ती घालू द्यायची, एवढंच. रात्री मी जागी झाले की हिचे डोळे उघडेच दिसायचे. मला भीती वाटायची, की आपण हिला आणलं खरं, पण हिच्यातलं काही तिथंच राहिलं की काय.

एका रविवारी आनंदा धारवाडला आला. मी त्याला स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर चहा दिला. आत पोरींची पंगत बसली होती, गोंगाट चालला होता, भांडी आपटत होती. आणि त्या गोंगाटात एकदम चंद्राचं हसणं ऐकू आलं. मोठ्यानं, अगदी पूर्वीसारखं, श्वास लागेपर्यंत.

आनंदानं कप खाली ठेवला.

“तीच का गं?”

“तीच.”

तो ऐकत राहिला. माझे डोळे भरून आले, मी पदर लावला. त्याचे कोरडेच होते. मग त्यानं विचारलं, “अक्का, हितं शिकून ती मोठी हुईल का गं?”

होईल की, न व्हायला काय झालं, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण या दारातून हसत हसत गेलेल्या पोरी पुढं कुठं गेल्या तेही मी पाहिलेलं आहे. कुणी बँकेत गेली, कुणी मास्तरीण झाली. बऱ्याच जणी लग्न करून गेल्या, त्यांचं पुढं काही कळलंच नाही.

“मला न्हाई म्हाईत, आनंदा,” मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. आत कुणीतरी काहीतरी बोललं आणि पोरी पुन्हा खिदळल्या.

“बस चुकंल तुझी,” मी म्हणाले. “जातोस न्हवं?”

“जातो की. पोरी जेवून उठू देत.”

मुलींच्या जेवणाच्या खोलीकडे पुरुषांनी बघायचं नाही, असा आमच्याकडे नियम होता. म्हणून टोपी मांडीवर ठेवून तो दाराकडे पाठ करूनच बसून राहिला.