ठमाबाईचं लुगडं

"सुधा, ऊठ. तो मिशीवाला मालक लुगडं गुंडाळून गाईखाली बसलाय."

माझ्या नवऱ्याच्या, नीळकंठाच्या, सकाळच्या बोलण्यावर मी सहसा विश्वास ठेवत नाही. पण खिडकीतून पाहिलं तर खरंच. पन्नाशीचा दणकट जोतीराम अंगाभोवती हिरवं नऊवारी लपेटून, पदर डोक्यावरून घेऊन धार काढत होता. पदर घसरला की कोपरानं सावरत होता. मला हसू आवरेना.

मोरगावच्या पलीकडे, डोंगराच्या पोटाशी त्याची वस्ती. दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढलेल्या. अट एकच: राहायचं तर रोज घरचं एक काम करायचं. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून लेकीनं, वल्लरीनं, हे चार दिवस भेट दिले होते. पहिल्याच दिवशी नीळकंठानं हौसेनं ज्वारी काढली, आणि तेव्हापासून तो कंबर धरूनच चालत होता.

चहाच्या वेळी मी विचारलंच.

"पवळी आईच्या हातची हो," जोतीराम म्हणाला. "दुसरं कोण बसलं की पान्हा चोरायची. आई गेली दिवाळीत. तीन दिस लाथा खाल्ल्या मी. मग आईचं लुगडं घेतलं अंगावर. आई हाय आसं वाटलं तिला."

"आत्या म्हणायच्या, पवळी माझी धाकटी लेक," त्याची बायको चंद्राबाई चुलीपाशी बसून म्हणाली. "लाड समदे तिचे. आमी आपले शेणाचे धनी."

आत्या म्हणजे तिची सासू, ठमाबाई. लुगडं गोठ्यात खुंटीवर असायचं. शेणाचे शिंतोडे, वाळलेलं दूध, पदराला ठमाबाईच्या मिसरीचे डाग. मी बत्तीस वर्षं वॉर्डात सिस्टर होते. मळकं कापड दिसलं की माझे हात शिवशिवतात, त्याला औषध नाही. दुपारी जोतीराम कडब्याच्या पेंढ्या आणायला गेला, चंद्राबाई रानात गेली, आणि आजचं माझं काम मीच ठरवलं. कुणाला विचारायचं सुचलंही नाही. मला वाटलं, गाय रंग बघून फसते, आणि रंग काही जाणार नव्हता. चुलीवर पाणी तापवलं, साबण लावला, दगडावर आपटून आपटून धुतलं. दोरीवर ते हिरवंगार लुगडं वाळत घातल्यावर कुणीतरी शाबासकी द्यावी, असं वाटत होतं.

चंद्राबाई रानातून आली आणि दोरीपुढं उभीच राहिली.

"ताई, ह्ये काय केलं तुमी? आवो, गाय वासानं वळखती."

माझा हात आपोआप दोरीवरच्या पदराकडं गेला.

"आत्या गेल्यापासनं पाण्याला लावलं न्हवतं ते. मी धुते म्हणलं तरी हे खवळायचे."

वॉर्डात गेलेल्या माणसाचे कपडे धुऊन, घडी घालून मी किती नातेवाइकांच्या हातात दिले असतील. तेव्हाही मला हे कळलं नव्हतं. या वयात आपण एवढे अडाणी असावं, याची लाज वाटली.

जोतीराम आला. त्यानं दोरीकडं पाहिलं. जवळ जाऊन ओला पदर नाकाशी धरला आणि सोडून दिला.

"जोतीराव, चूक झाली माझी," मी म्हणाले. "फार मोठी चूक झाली."

"मळलंच व्हतं, ताई," तो म्हणाला आणि चरवी घेऊन तसाच गोठ्यात गेला.

आम्ही तिघं दारात उभे राहिलो. "आवो, लाथ घालंल," चंद्राबाई पुटपुटली. जोतीराम खाली बसला. त्यानं पवळीच्या कुशीला डोकं टेकवलं आणि आचळाला हात घातला. पवळी वैरण खात राहिली. चरवीत धार वाजली. मग दुसरी.

"दिली की ओ," चंद्राबाई म्हणाली.

"संक्रांतीपासनं देती." तो वर न बघता बोलला. "सरावली ती."

"मग रोज ते लुगडं कशाला?" नीळकंठानं विचारलं. मी त्याला चिमटा काढला, पण उशीर झाला होता.

"पवळी सरावली," जोतीराम म्हणाला. "मी न्हाय."

मी तिथून निघाले आणि खोलीत जाऊन रडले. नीळकंठ पाठीवर हात फिरवत बसला.

सकाळी उठले ती दोरीवरचं लुगडं काढून गोठ्याशी जाऊन उभी राहिले. नुसता साबणाचा वास येत होता. जोतीरामापुढं ते धरायचा धीर होईना. त्यानंच हात पुढं केला.

"आना हिकडं. लागंल वास पुन्यांदा. शेनाचा, दुधाचा. तेवढा तरी तोच हाय." जरा थांबून म्हणाला, "मिसरीचा तेवढा न्हाय लागायचा."

त्यानं लुगडं अंगाभोवती घेतलं, पदर डोक्यावर ओढला आणि बसला. पवळीनं मान वळवून हुंगलं, मग पुन्हा वैरणीत तोंड घातलं. धुतल्यामुळं कापड सुळसुळीत झालं होतं. पदर सारखा घसरत होता आणि त्याचे दोन्ही हात धारेत गुंतले होते. मी पुढं झाले आणि पदर त्याच्या डोक्यावर नीट ओढून दिला.