पुढच्या आठवड्याचं पान

दादाला चूक सहन होत नसे. दुसऱ्याची म्हणजे. स्वतःची चूक सहन करायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती, निदान त्याच्या मते तरी.

शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये शास्त्राची गुंडाळी उघडली की दादा मधल्या मेजापाशी छापील पुस्तक घेऊन उभा राहायचा. गुंडाळी हाताने लिहिलेली; दर आठवड्याला तिच्यातला पुढचा ठरलेला भाग सात पाळ्यांत वाटून वाचायचा. तिच्यातल्या हिब्रू अक्षरांना ना स्वरांच्या खुणा, ना विराम, ना चाल. हे सगळं वाचणाऱ्याने घरून तयार करून यायचं. शब्द चुकला तर ऐकणाऱ्याने तिथल्या तिथे मोठ्याने सांगायचा आणि वाचणाऱ्याने तो पुन्हा म्हणायचा, ही ज्यू लोकांची जुनी रीत; त्यात कुणी अपमान मानत नाही. पण दादा आधी मेजावर टिचकी मारायचा, मग चष्म्यावरून बघायचा आणि मग शब्द सांगायचा. त्या बघण्याने चांगल्या चांगल्या वकिलांना आपण जन्मालाच चुकून आलो असं वाटे.

आणि आता याच मेजापाशी दादाची धाकटी बहीण वाचणार होती. वय बासष्ट, धंदा कपडे आल्टर करण्याचा. निम्म्या मंडळींच्या पँटी तिनेच आखूड केलेल्या किंवा कमरेला सैल केलेल्या, त्यामुळे कोण किती सुटलंय हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. लहानथोर सगळे तिला मावशी म्हणत.

मुलाने तेराव्या वर्षी पहिल्यांदा गुंडाळी वाचायची असते; दादा तेरा वर्षांचा होत आला तेव्हा त्याला शिकवायला मास्तर घरी येत. आतल्या खोलीत दादा घोकायचा आणि बाहेरच्या खोलीत अकरा वर्षांची मावशी आईबरोबर मशीनवर काजं-बटणं करायची. "मलापण शिकव" म्हटल्यावर बाबा हसून म्हणाले होते, "तुला कुठे वाचायचंय?" प्रश्न रास्तच होता. तेव्हा मुली वाचत नसत. दोन वर्षांपूर्वी मंडळींनी बरीच भांडणं करून बायकांनाही वाचायची मुभा दिली आणि दर बुधवारी संध्याकाळी मोठ्यांचा वर्ग सुरू झाला. शिकवायला दातांची डॉक्टरीण. पहिल्याच दिवशी मावशी नवी वही घेऊन पहिल्या बाकावर.

दोन वर्षांत तिला अक्षरं ओळखता यायला लागली, पण वाचता येतं असं म्हणायला तिची जीभ धजत नव्हती. म्हणून डॉक्टरिणीने तिला सहा आठवड्यांनंतरच्या शनिवारी पाचव्या पाळीतली पहिली तीन वाक्यं वाचायला दिली तेव्हा ती 'मला नाही जमायचं' म्हणत वही मिटायला लागली.

"घाबरतेस कशाला? तयारी मी करून घेतो," दादा म्हणाला. "आणि तुला वाचायचं नाहीच आहे. पाठ म्हणायचंय."

तो धीर देत होता. मावशीला मात्र ते फार लागलं.

"त्या शनिवारी कुठला भाग येतो ते कॅलेंडरमध्ये बघून घ्या हं, दादा," डॉक्टरीण म्हणाली.

"कॅलेंडर? अहो, पन्नास वर्षं आठवडे मोजतोय मी." आणि त्याने बोटांच्या पेरांवर आठवडे मोजून पानाची झेरॉक्स मावशीच्या हातात ठेवली.

सहा आठवडे तो रोज संध्याकाळी तिच्याकडे यायचा. बैल, कोकरू आणि बोकड कुठे कापावं याबद्दलची ती तीन वाक्यं मावशी चालीसकट घोकायची. शिवताना, धुताना, बसच्या रांगेत. शेवटचे दोन शनिवार मात्र दादा खोकल्याने आडवा झाला. मावशी त्याच्या उशाशी बसून काढा देत राहिली आणि बैल-बोकड म्हणत राहिली. सिनेगॉगला दोघेही गेले नाहीत. गेले असते तर पुढचं काही घडलंच नसतं.

शनिवारी हॉल भरलेला होता. गुंडाळी उघडली, डॉक्टरिणीने चांदीची काडी ओळीवर ठेवली आणि पहिली पाळी सुरू केली. मावशी मांडीवरच्या पुस्तकात बोट ठेवून ऐकत होती. दोन शब्दांतच तिचं बोट थांबलं. हे आपल्या भागातलं नव्हतं. तिने पानं उलटली. तिचे बैल-बोकड बरेच पुढे होते. पुढच्या आठवड्यात.

शास्त्राचे काही भाग साध्या वर्षी जोडीने वाचतात आणि अधिक महिन्याच्या वर्षी एकेकटे. हे वर्ष अधिक महिन्याचं होतं. दादाने पेरांवर मोजताना दोन भागांची गाठ मारून टाकली होती आणि एक आठवडा पुढे गेला होता.

मावशीने वर पाहिलं. दादा पुस्तकात डोकं खुपसून उभा होता. त्याचा कान लालभडक झाला होता. म्हणजे त्यालाही कळलं होतं.

रागाने तिला घाम फुटला. सहा आठवडे! उठावं आणि सगळ्यांसमोर ओरडून सांगावं, की यानेच दिलं मला हे. क्षणभर ती खरंच उठणार होती. मग तिला वाटलं, ओरडायला काय, जेवताना ओरडू. आत्ता अजून चार पाळ्या हातात आहेत. तिने आजच्या भागाची पाचवी पाळी शोधली. छापील पानावर स्वरांच्या खुणा होत्या. ती एकेक अक्षर जुळवू लागली. पहिल्यांदा काहीच लागेना. दुसऱ्यांदा एक शब्द ओळखीचा निघाला: घर. वर्गातल्या पहिल्याच धड्यातला. मग आणखी एक. शेजारचे कधी उभे राहिले, कधी बसले, तिला पत्ता नव्हता.

तिला बोलावलं तेव्हा ती चौथ्यांदा वाचत होती.

मेजापाशी डॉक्टरीण कुजबुजली, "मावशी, भलताच घोळ झालाय ना? दादांनी आत्ता खुणावलं मला. मी वाचते, कुणाला कळणारही नाही."

"मी वाचते," मावशी म्हणाली.

दादाने नजर पुस्तकातच ठेवली.

गुंडाळीवर खुणा नव्हत्याच. मघाशी जुळवलेलं निम्मं पुसल्यासारखं झालं. चाल तर नव्हतीच. तिने सरळ, शाळेतल्या मुलीसारखं वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या शब्दाला अडली. आता टिचकी वाजणार म्हणून खांदे आखडून उभी राहिली. टिचकी वाजली नाही. दादा वाकला आणि त्याने शब्दाचा पहिला आवाज तिच्या कानात सांगितला, फक्त पहिला. बाकीचा तिने काढला. पुढे आणखी सहा ठिकाणी चुकली. एकदा मागून कुणीतरी मोठ्याने दुरुस्ती सांगितली, तर दादाने त्या दिशेला हात वर केला.

"मी आहे ना इथे."

इतरांना जे वाचायला मिनिटसुद्धा लागलं नसतं, त्याला तिला पाच मिनिटं लागली. शेवटचा शब्द संपला तेव्हा सगळे रिवाजाप्रमाणे "बळ वाढो!" म्हणाले, पण जरा दबकत. मावशी खाली मान घालून जागेवर गेली.

प्रार्थना संपल्यावर मागच्या खोलीत चहा आणि त्या दिवशीच्या भागावर चर्चा, हा नेहमीचा क्रम. चर्चा चालवायची दादाने. सगळे गोल बसले. निवृत्त पोस्टमास्तर मनाने वाईट नव्हते, पण मनातलं पोटात ठेवणं त्यांना जमत नसे.

"मावशी, सहा आठवडे तयारी चालली होती म्हणे. आज फारच अडखळलात."

डॉक्टरिणीने कप खाली ठेवला. मावशीने दादाकडे पाहिलं. त्याचा खोकल्याने उतरलेला चेहरा आणखीच उतरला होता. तिचा राग कुठे गेला कोण जाणे.

"वय झालं हो आता," ती म्हणाली. "डोकं चालत नाही पूर्वीसारखं."

दादाने पुस्तक उघडलं, चष्मा पुसला, परत घातला.

"आजचा भाग घराचा," तो सुरू झाला. "भिंतीवर डाग पडले तर मालकाने जाऊन पुरोहिताला सांगायचं. पण सांगायचं कसं? मालक स्वतः मोठा पंडित असला, डाग कसला हे त्याला पक्कं ठाऊक असलं, तरी त्याने 'डाग आहे' असं ठासून सांगायचं नाही. 'डागासारखं काहीतरी दिसतंय' इतकंच म्हणायचं. ज्याला सगळं कळतं त्यानेसुद्धा. हे मी दर वर्षी तुम्हाला शिकवतो."

त्याने पुस्तक मिटलं.

"आज मी तसं बोलणार नाही. चुकीसारखं काहीतरी झालं, असं नाही. चूक झाली. माझी. हिला मी पुढच्या आठवड्याचं पान दिलं. कॅलेंडर बघा म्हणून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, तरी बघितलं नाही. आणि मघाशी तिथे उभा राहून तोंड उघडलं नाही, कारण मला लाज वाटली."

मग पोस्टमास्तर हळूच म्हणाले, "पण मग मावशींनी म्हटलं ते काय? ते त्यांनी कधी पाठ केलं?"

"पाठ नव्हतंच," दादा म्हणाला. त्याने बहिणीकडे पाहिलं, चष्म्यावरून नाही, चष्मा काढून. "आज सकाळपर्यंत तिने ते पाहिलंही नव्हतं. वाचलं तिने."

मावशीला रडू आलं, आणि इतक्या माणसांत बसूनही तिने ते लपवलं नाही.