तिसरा इलेक्ट्रोड पुढं बसवला

मी गॅस हुंगणारा सेन्सर बोलतोय, आणि आधीच सांगतो, माझं सगळं खरं मानू नका. अंगठ्याएवढी प्लॅस्टिकची डबी, पोटात तेजाब, तेजाबात धातूचे तीन इलेक्ट्रोड. एवढाच मी.

पुढचा तोंडाशी बसतो. बारीक भोकांच्या पडद्यावर धातूची भुकटी पसरलेली. गॅस आत शिरला, कणांना भिडला, की वीज निघते, ती दुसऱ्याकडे जाते आणि मशीनवर आकडा चढतो. भुकटी जाड थापली तर बोंब मारायलाच उशीर. तिसऱ्याला काम एकच: गॅसपासून लांब, मागं गप्प बसायचं. पुढच्याचं मोजमाप त्याच्यावरून ठरतं.

पण डबी लहान करायची म्हणून कंपनीच्या साहेबानं तिसऱ्याला उचलून पुढच्याच्या पाठीला चिकटवला.

मला बनवणारी बाई म्हणाली, "अहो, इथं गॅस पोचेल."

"जरासा पोचला तर काय बिघडतं?"

कप्पाळ! तेव्हापासून मी तिसऱ्यावर डोळा ठेवून आहे.

मला घेतलं कातडी कमावणाऱ्या कारखान्यानं. तिथं घाण पाण्याचा हौद उपसायला दोघं, दाजी आणि त्याचा मेहुणा. मेहुणा खाली उतरणार, दाजी वर त्याच्या कमरेचा दोर धरणार. त्याआधी मला दोरीनं हौदात सोडायचं, ही रीत.

त्या दिवशी सोडलं. आकडा भसकन चढला, मी बोंबललो. दोघं थांबले. मग आकडा आपोआप उतरत शून्यावर आला, माझी बोंबही थांबली. गॅस कुठं गेला होता? तिथंच होता! झिरपून तिसऱ्यापर्यंत पोचला, तोच बिघडला, आणि माझा हिशेबच चुकला.

"दाजी, गेला गॅस. वासपण नाही आता."

"मघाशी नाक फाटत होतं. एवढ्यात गेला कुठं, तुझ्या बापाच्या घरी?"

"माझा बाप म्हणजे तुमचा सासरा."

"म्हणून तर म्हणतो, थांब. तुझ्या बहिणीला तोंड मला दाखवायचंय."

ऐकेल तो मेहुणा कसला? उतरला शिडीवर. हा गॅस नाकसुद्धा बधिर करतो, हे त्या शहाण्याला कोण सांगणार? दाजीनं एका हातात त्याचा दोर धरला, दुसऱ्या हातानं मला वर ओढलं आणि मोकळ्या वाऱ्याला धरलं. तिसरा अजून बिघडलेलाच, त्यामुळं आकडा शून्याच्याही खाली गेला.

"अरे ए गाढवा, वर ये! गॅस कधी उणे असतो का? हे मशीन थापा मारतंय!"

दोराला असा हिसका दिला की मेहुणा शिव्या देतच वर आला. पण काठावर आला आणि गुडघ्यातून वाकला, भडाभडा ओकला. दाजी त्याची पाठ चोळत ओरडत होता, "श्वास घे रे, मोठा घे!" घेतला त्यानं. वाचला.

आता मी बनवणाऱ्या बाईच्या टेबलावर उघडा पडलोय. बाई, त्या तिसऱ्याला मागं ढकला, लांब. साहेब पुन्हा डबी लहान करा म्हणेल, ऐकू नका त्याचं. आणि खाली उतरणाऱ्यांनो, मी बोंबलून एकाएकी गप्प झालो, तर शिडीला पाय लावू नका. मला वर काढा, खुशाल शिव्या घाला, दुसरं मशीन मागा. तोवर हौद तुंबला तर तुंबू द्या.