दोन ते अडीचची गस्त

आमच्या चौकीच्या वरच्या मजल्यावर पूर्वी जप्त केलेल्या सायकली पडलेल्या असत. आता तिथे भिंतभर शहराचा नकाशा उजळलेला असतो. नोकरीचे शेवटचे सात महिने उरले असताना गुडघ्यांमुळे माझी तिथे बदली झाली. काम सोपं होतं. हवालदारांच्या गस्तीच्या जुन्या वह्या यंत्राला वाचायला दिल्या होत्या, त्यातलं एखादं ठिकाण त्याला कळलं नाही तर मी सांगायचं.

यंत्र सांभाळणारी मुलगी माझ्या पुतणीच्या वयाची, मला काका म्हणायची. पहिल्याच दिवशी तिने माझी एक वही पडद्यावर उघडली. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. बायको म्हणायची, तुमची चिठ्ठी वाचून सामान आणलं तर साबणाच्या जागी साखर येईल. ते अक्षर यंत्राने छापील करून समोर ठेवलं, तारीख, वेळ, गल्ली, सगळं बिनचूक. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. बसून बघण्यासारखं ते वाटलंच नाही.

दहा वर्षांच्या वह्या त्याने आठवडाभरात वाचून काढल्या. कुठे, कोणत्या वारी, किती वाजता काय घडतं ते जुळवून ते नकाशावर लाल चौकोन काढी आणि गस्तीची गाडी तिकडे जाई. दुसऱ्याच आठवड्यात बाजारामागे मोटरसायकली चोरणारे दोघे त्याने सांगितलेल्या वेळी सापडले. मी तीस वर्षं त्या रस्त्याने चाललो होतो, मला ते कधी दिसलं नव्हतं. त्या दिवशी घरी सांगायला कोणी नव्हतं. जेवताना मी स्वतःशीच बोललो.

आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर नळ दुरुस्त करणारा राहतो. त्याला सगळे पाना म्हणतात. तो एका संध्याकाळी दारात आला. दुपारी जेवून तो अवजारांची पिशवी घेऊन कामाला निघतो, आणि महिनाभरात गाडीने त्याला नऊ वेळा अडवून पिशवी रिकामी करायला लावली होती. वेळेवर जाता येईना म्हणून दोन गिऱ्हाइकं तुटली होती. आता त्याचं नाव यंत्राच्या यादीत चढलं होतं आणि सोमवारी चौकशीला बोलावणं होतं. दादा, एक शब्द टाका, असं तो म्हणाला. यंत्र उगीच काही सांगत नाही, असं मी त्याला ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी नकाशावर आमची गल्ली शोधली. गडद लाल होती. वेळ दुपारी दोन ते अडीच.

"हा चौकोन सगळ्यात पक्का आहे, काका," मुलगी म्हणाली. "तीनशे अकरा नोंदी."

कोणाच्या, ते मला विचारावं लागलं नाही.

गस्तीचा ठरलेला रस्ता सोडला तर वहीत कारण लिहावं लागतं. चहाला थांबलो असं कोणी लिहीत नाही. आम्ही सगळे लिहायचो, ‘संशयास्पद हालचाल, थांबून पाहणी केली.’ साहेब लोकही ओळखून असत, तेही हेच लिहीत वर गेले होते. बायको आजारी पडल्यावर मी दुपारी घरी जाऊ लागलो. तिची कूस बदलायची, औषध द्यायचं, पाणी पाजायचं. मग तिच्या उशाशी बसून वही भरायचो. ती विचारायची, "आज मी कोण? एक इसम की दोन?" मी सांगायचो, आज दोन, पैकी एक उंच. ती हसायची आणि मग खोकायची.

खोट्या नोंदी कबूल करायच्या म्हणजे चौकशी, आणि पेन्शन अडकणार. मी गप्प राहायचं ठरवत होतो. तेवढ्यात मुलीने त्या नोंदींचा आलेख काढला.

"बघा ना, आधी आठवड्यातून दोनदा. मग एक दिवसाआड. मग रोज. थांबणंही दहा मिनिटांवरून तीसवर गेलंय. आणि या तारखेनंतर एकदम शून्य. टोळी पकडली का त्या दिवशी?"

मी त्या रेषेकडे बघत राहिलो. डॉक्टरांनासुद्धा तिचं दुखणं मला असं दाखवता आलं नव्हतं. मध्ये एक महिना रेषा खाली उतरली होती. त्या महिन्यात ती भिंत धरून स्वयंपाकघरापर्यंत चालली होती. मी ते विसरलो होतो. यंत्राने जपून ठेवलं होतं, आणि आपण काय जपलंय ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

"टोळी नव्हती," मी म्हणालो. "त्या दिवशी माझी बायको गेली."

मग सगळं सांगितलं, पानाचंही. मुलीने साहेबांना बोलावून आणलं. साहेबांनी ऐकून जाताजाता चांगले दिवे लावलेत म्हणून सुनावलं. नोटीस नंतर येईल, आधी घाण उपसा, असा हुकूम झाला. खरी एखादी नोंद पुसली जाऊ नये म्हणून एकेक वाचणं भाग होतं. शनिवारचा अख्खा दिवस गेला. ती तारीख वाचायची आणि विचारायची, खोटी? मी म्हणायचो, खोटी. दोनच खऱ्या निघाल्या. गल्ली लालाची गुलाबी झाली, मग इतर गल्ल्यांसारखी झाली. पानाचं नाव यादीतून आपोआप उतरलं.

मुलगी उठली नाही. ती भिंतीकडे बघत होती. अजून चाळीसेक चौकोन लाल होते.

"काका, या बाकीच्या गल्ल्यांत कोण आजारी होतं?"

मला सांगता येईना. ज्यांना सांगता येईल अशा हवालदारांची नावं मी तिला लिहून दिली. काहीजण आता हयात नाहीत.

संध्याकाळी पानाच्या दारात गेलो. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. शिव्या देईल या तयारीनेच मी गेलो होतो.

"मी रोज दुपारी जेवायला घरीच असायचो, दादा," तो म्हणाला. "एक हाक मारली असती तर वहिनींना पाणी मी दिलं असतं."

सोमवारी यायची गरज नाही, एवढं सांगून मी जिना चढलो.