पहिली ओंजळ

नारळ उभा राहिला तो नेमका रुद्राणीच्या समाधीपासून हातभर अंतरावर. नरसिंग पाणाड्याने तळहातावर आडवा धरलेला नारळ आधी जरासा डुलला, मग शेंडी वर करून ताठ झाला आणि काही केल्या खाली बसेना. मागून येणारी भीमनगरची माणसं जागच्या जागी थांबली. नरसिंगाने डोळे उघडले, आपण कुठे उभे आहोत ते पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"आप्पा, इथं हाय पानी," तो म्हणाला. "लई हाय. पर..."

"पर काय, ते मला दिसतंय," शरणप्पा म्हणाले.

रुद्राणी त्यांची बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. ही जागा लिंगायतांची रुद्रभूमी. त्यांच्यात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत; अंघोळ घालून, भस्म लावून, मांडी घालून मातीत बसवतात. खड्ड्याच्या एका अंगाला कोनाडा कोरायचा, त्यात माणूस बसवायचा आणि खड्डा बुजवून वर दगड ठेवायचा. रुद्राणी तशी बसली होती.

शरणप्पा बेलुरे हे येळगी नगरपालिकेचे मेंबर. सरकी-पेंडीचं दुकान हा त्यांचा धंदा आणि मेंबरकी हे त्यांचं व्यसन, असं रुद्राणी म्हणायची. म्हणायची, आणि तरी ओसरीवर आलेल्या प्रत्येकाला चहा करून द्यायची. रेशनकार्डापासून नवरा-बायकोच्या भांडणापर्यंत वॉर्डातलं सगळं त्या ओसरीवर यायचं. पहिल्यांदा निवडून आले तेव्हा शरणप्पांनी रस्त्यावर दिवे आणले, दुसऱ्या खेपेला नाल्या बांधल्या, आणि मग चार लोकांसारखं त्यांनाही नव्या जिल्ह्याचं वेड लागलं. उस्मानाबाद लांब, तिथले साहेब लांब, म्हणून आपली कामं होत नाहीत. लातूर जिल्हा झाला की दारात पाणी येईल, असं ते चौकाचौकात सांगत फिरले. जिल्हा झाला त्या दिवशी दुकान बंद ठेवून पेढे वाटले. जिल्हा आला, कलेक्टर आला, लाल दिव्याची गाडी आली. पाऊस मात्र त्यानंतर जो रुसला तो रुसलाच. लोकही काही कमी खवचट नव्हते. टँकरच्या रांगेतून कोणीतरी म्हणायचंच, "मेंबरसाब, आता जिल्हाच प्यावा का?"

शरणप्पांच्या वॉर्डाचे दोन भाग होते. वर पेठ, तिथे लिंगायत व्यापाऱ्यांची घरं. खाली भीमनगर. पेठेतल्या मठाच्या विहिरीला तळाशी अजून पाणी होतं. भीमनगरच्या बायकांनी ओट्याखाली घागरी मांडून उभं राहायचं आणि मठाचा गडी मर्जी लागेल तेव्हा वरून पाणी ओतणार, अशी तिथली रीत. छप्पन साली ही माणसं बुद्धाला शरण गेली, पण मठाच्या विहिरीला ती बातमी अजून पोचली नव्हती. शरणप्पांना हे खुपायचं. पण मतं पेठेत होती, सोयरे पेठेत होते, आणि ज्या गोष्टीला हात लावला की भाजतं तिला हात लावायचा नाही, एवढं राजकारण त्यांना येत होतं. मग महिन्यापूर्वी भीमनगरच्या कोंडाबाईची सून एका पडक्या विहिरीत उतरली. वाटीवाटीने घागर भरत असताना वरून दरड कोसळली आणि ती तिथेच गेली. पाठीमागे दोन लेकरं. त्या दिवसापासून शरणप्पांना अन्न गोड लागत नव्हतं. लातूरला हेलपाटे घालघालून त्यांनी बोअर पाडायची मशीन मिळवली. वॉर्डात जिथे जिथे बोअर घेतला तिथे तिथे नुसता फुफाटा उडाला. उद्या सकाळी मशीन निलंग्याला जाणार होती.

नारळाची बातमी पेठेत पोचायला वेळ लागला नाही. आडतदार शिवप्पा धापा टाकत आले. हे शरणप्पांचे चुलतभाऊ आणि मठाचे कारभारी.

"शरणप्पा, डोकं ठिकान्यावर हाय का? आपली मानसं बसल्यात इथं. माझा बाप बसलाय."

"तुझा बाप लांब हाय. इथं माझी बायको बसलीय."

"जागा समाजाची हाय. तुझ्या एकट्याची न्हाई."

"मंग मठाची हीर समद्यांला खुली कर," शरणप्पा म्हणाले. "ज्यानं त्यानं आपल्या हातानं पानी शेंदून घ्यावं. आत्ता मशीन माघारी धाडतो."

ही गोष्ट तोंडातून काढायची नसते, हे दोघांनाही लहानपणापासून ठाऊक होतं. मेंबरकीच्या इतक्या वर्षांत शरणप्पांनी ती आज पहिल्यांदा काढली होती. शिवप्पा पाय आपटत निघून गेले.

पण गाठ तिथेच सुटायची नव्हती. भीमनगरचा लिंबाजी गवंडी पुढे आला. हा बोलायला नेमस्त, पण सरळ.

"आप्पा, राग मानू नका. मढ्याशेजारचं पानी आमालाच काहून? पेठंतला एक मानूस हितलं पानी पिनार न्हाई. उद्या म्हंतील, भीमनगरवाले मढ्याचं पानी पितेत. तान लागली म्हून इज्जत बी सोडावी का?"

बोलणं खोटं नव्हतं. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि ह्या साली दोन्हीही कोरडे. शरणप्पांनी समाधीच्या दगडाकडे एकदा पाहिलं.

"पहिली ओंजळ मी पिनार," ते म्हणाले. "समद्यांच्या म्होरं. मंग तर झालं?"

लिंबाजीने मागे वळून पाहिलं. कोंडाबाई घोळक्यात उभी होती. सून गेल्यापासून भीमनगरात तिचा शब्द कोणी मोडत नव्हतं.

"आप्पा म्हनले म्हंजे पितील," ती म्हणाली. "लावा मशीन."

दुपारी मशीनची गाडी आत आली. शरणप्पा स्वतः हात दाखवत गाडी मागे घेत होते. समाधीच्या दगडाला धक्का लागू नये एवढ्यावर त्यांचं लक्ष होतं, आणि दगडाला धक्का लागला नाही. पण कोनाडा दगडाखाली नसतो, एका अंगाला असतो, आणि मागचं चाक बरोबर त्या अंगाला उभं राहिलं. लिंगायताच्या पोराला हे सांगावं लागत नाही. शरणप्पांनी कितीतरी खड्डे स्वतः उभं राहून खणून घेतले होते. त्या घटकेला मात्र त्यांच्या डोक्यात पाण्याशिवाय काही नव्हतं, आणि आठवण करून देणारा एकुलता एक माणूस पाय आपटत निघून गेला होता.

मशीन सुरू झाली. जमीन थरथरू लागली. बराच वेळ नुसती धूळ उडत राहिली, माणसांचे चेहरे पांढरे झाले. आणि एकाएकी मागचं चाक धपकन खाली गेलं. रुद्राणीचा दगड कलंडला. मशीनवाल्याने खाली वाकून पाहिलं.

"साब, नीचे खाली है," तो म्हणाला. "बंद करूँ?"

आपल्या हातून काय झालं ते शरणप्पांना तेव्हा कळलं. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. कोंडाबाईही पाहत होती, पण ती काही बोलली नाही. ती बोलली असती, रडली असती, हात जोडले असते, तर कदाचित त्यांना नाही म्हणता आलं असतं.

"चाकाखाली दगडं लावा," शरणप्पा म्हणाले. "चालू ठेवा."

लिंबाजीने कुंपणाचे दगड काढून आणले. चाकाखाली दगड सारताना त्याने शरणप्पांकडे पाहायचं टाळलं. मशीन पुन्हा सुरू झाली आणि उन्हं उतरायला लागली तेव्हा धुळीचा चिखल झाला, चिखलाचं पाणी झालं आणि ते माणसाच्या डोक्यावरून उडालं. बायका भिजल्या. कोणी हसलं, कोणी तोंडाला पदर लावून रडलं. लिंबाजीने वाट करून दिली आणि शरणप्पा पुढे गेले.

त्यांनी ओंजळ धरली. नव्या बोअरचं पहिलं पाणी कुठेही तसंच असतं, दगडाचं पीठ मिसळलेलं, पांढुरकं. शरणप्पांना ते दिसलं नाही. त्यांना भस्म दिसलं. रुद्राणीला बसवण्याआधी त्यांनीच आपल्या हाताने तिच्या कपाळाला, दंडाला, गळ्याला भस्म लावलं होतं, आणि अगदी तोच रंग आता त्यांच्या ओंजळीत होता. त्यांनी डोळे मिटून पाणी तोंडात घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाणी घशाखाली उतरेना. गळा आतून कोणी आवळून धरावा तसा बंद झाला होता. गाल फुगलेल्या तोंडाने ते कसेबसे हसले, हात वर केला आणि चालत चालत कुंपणाच्या भिंतीपलीकडे गेले. तिथे त्यांनी ते पाणी थुंकलं आणि भिंतीला कपाळ टेकवून लहान लेकरासारखे रडले.

डोळे पुसून वर पाहतात तो समोर शिवप्पा. समाधी खचल्याचं ऐकून ते धावत आले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शिवप्पांनी खाली थुंकलेल्या पाण्याकडे पाहिलं आणि ते माघारी वळले. जे बोलायचं ते त्यांनी आडतीच्या ओट्यावर बोलायचं ठरवलं होतं.

आठवडा उलटायच्या आत गोष्ट गावभर झाली. पेठ म्हणाली, स्वतःच्या बायकोची समाधी ट्रकाखाली घातली. मठाच्या स्वामींनी बेलुऱ्यांच्या घरी पाय ठेवणं बंद केलं. भीमनगर म्हणालं, आम्हाला पाजलं आणि स्वतः थुंकला. पाणी भीमनगर पीतच होतं. तहानेला मान-अपमान परवडत नाही. हातपंप बसला, रांग लागली, पोरांची पोटं बरी झाली. पण त्या रांगेतून शरणप्पांना रामराम यायचा बंद झाला. ओसरी ओस पडली. रुद्राणीची समाधी शरणप्पांनी एका मजुराला हाताशी धरून पुन्हा रचली. मंत्र म्हणायला कोणी आलं नाही.

पुढच्या निवडणुकीत पेठेने शिवप्पांचा मुलगा उभा केला आणि भीमनगरने लिंबाजीला. शरणप्पाही उभे राहिले. सवय, दुसरं काय. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. लिंबाजी निवडून आला. भीमनगरातून पहिल्यांदाच कोणी मेंबर झालं, आणि ही गोष्ट चांगलीच झाली, असं शरणप्पांनी मनापासून आपल्या सुनेला, जगदेवीला सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज फाटला.

निकालानंतर एका सकाळी कोंडाबाई ओसरीवर आली. वर बसली नाही, पायरीवरच टेकली.

"एक इचारायचं हाय," ती म्हणाली. "थुकलाव का?"

"थुकलो."

"काहून?"

शरणप्पांनी सांगितलं. भस्माचं सांगितलं, गळा आवळल्याचं सांगितलं. इतक्या वर्षांत कोणाला न सांगितलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. "सभंत उभा राहून काय सांगू, कोंडाबाई? बायको आठवली म्हून?"

कोंडाबाईने हातातल्या बांगड्या वर सारल्या.

"माज्या सुनंचं मढं त्या पडक्या हिरीतून वर काढलं," ती म्हणाली. "तिसऱ्या दिशी मी त्याच हिरीत उतरले पान्याला. दुसरं कुटं व्हतं? ती जितं पडली, तितलंच पानी. माजं नरडं आवळलं न्हाई व्हय, आप्पा? आवळलं. तरी पेले. लेकरांला बी पाजलं." ती थांबली. आवाजात राग नव्हता. "तुमाला थुकाया जमलं. तुमच्या घरी दुसरं पानी व्हतं."

कोंडाबाई उठली, पदर सावरला आणि गेली.

त्या दिवसापासून त्यांनी जगदेवीला पिण्याचं पाणी हातपंपावरून आणायला लावलं. पेठेतलं हे एकच घर. जगदेवी सुरुवातीला कुरकुरली, मग तिची रांगेतल्या बायकांशी ओळख झाली आणि कुरकुर थांबली. शरणप्पा फुलपात्र तोंडाला लावायचे, क्षणभर थांबायचे, आणि मग घोट घ्यायचे. तो घोट कधीच सोपा झाला नाही, असं जगदेवी नंतर सांगायची.

आणखी काही वर्षांनी, एका कोरड्या चैत्रात, ते गेले. मरणाला पेठ आली. मरणाशी वैर धरायचं नसतं. शिवप्पांनीही खांदा दिला. खड्डा मात्र दूर कुंपणाजवळ खणावा लागला, कारण रुद्राणीच्या शेजारची जमीन पंपाच्या सांडपाण्याने बारमाही ओली असायची आणि ओल्या मातीत कोनाडा टिकत नाही. भस्म लावून, मांडी घालून बसवलेले शरणप्पा लोकांच्या खांद्यावरून रुद्रभूमीत आले तेव्हा भर बारा वाजले होते आणि पंपावर रांग होती.

कोंडाबाई दांड्याला होती. तिने दांडा खाली दाबला आणि दोन्ही हातांनी तसाच धरून ठेवला. पाणी थांबलं; अर्धी भरलेली घागर तोटीखाली तशीच राहिली. तापलेल्या फुफाट्यात बायका अनवाणी उभ्या होत्या, आणि कुंपणाजवळ खड्डा पूर्ण बुजेपर्यंत कोणी घागर पुढे सरकवली नाही. मग शिवप्पा आणि पेठेतले लोक हात झटकत निघून गेले, आणि कोंडाबाईने दांडा सोडला.