सोवळ्यातली बिअर

भास्कररावांनी ग्लास तोंडाला लावला, दोन घोट घेतले आणि मिशीवरचा फेस रुमालाने टिपला. पण हे झालंच नाही असं धरून चालू. तनय तसंच धरून चालला आहे, आणि त्याचं उत्तम चाललंय असं तो विचारणाऱ्याला सांगतो. कोणी विचारत नाही.

जे नक्की झालं ते असं. हायडेलबर्गजवळच्या भाड्याच्या घरात, लग्नातल्या भाताला पुरेल एवढ्या पातेल्यात तनय बार्लीचा काढा ढवळत उभा होता. ओट्यावर दोन पुड्या मांडलेल्या. एक समुद्री शेवाळाची, बिअर नितळ व्हावी म्हणून. दुसरी यीस्टच्या खाद्याची. दोन्ही उकळी संपता संपता घालायच्या. शेवाळ लवकर पडलं तर शिजून वाया जातं, उशिरा पडलं तर नुसतं तरंगत बसतं. तनयचा एक डोळा घड्याळावर होता. नेमके तेव्हाच त्याचे सासरे, सांगलीहून आलेले भास्करराव, शेजारच्या बाईंनी दिलेली जेलीची अस्वलं घेऊन आत आले.

"तनयराव, हे जरा वाचता का? फोन नुसता जिलेटीन म्हणतोय. ते कशाचं असतं?"

तनयने वाचलं. डुकराचं, असं सांगावं लागलं. एक अस्वल भास्कररावांच्या तोंडात होतं. ते त्यांनी बेसिनपाशी जाऊन सोडलं, बराच वेळ चुळा भरल्या, आणि दुसऱ्या दिवशी पोट जड आहे म्हणून जेवले नाहीत. घरात कोणी हसलं नाही. या सगळ्या धीर देण्यात काढा निवला आणि दोन्ही पुड्या ओट्यावर तशाच राहिल्या.

पुढे यीस्ट सुस्तावलं. तनयच्या आईकडे, म्हणजे पुण्यात, आमटीत मीठ राहिलं तर वरून घालून ढवळतात. त्याच न्यायाने त्याने यीस्टच्या खाद्याची कोरडी पूड आंबत्या पिंपात वरून घातली. फेस उसळून तळघराच्या छताला लागला आणि शेजारच्या बाईंच्या स्कीइंगच्या बुटांत साठला. भास्कररावांनी आपला जुना पंचा आणून फरशी पुसायला घेतली. दूध उतू गेलं की शुभच मानतात, असं ते म्हणाले. जावयाला बरं वाटावं म्हणून हा माणूस बिअरलाही दूध म्हणायला तयार होता.

उरलेली बिअर ताकासारखी गढूळ झाली. शनिवारी भास्कररावांची पंचाहत्तरी, तनयच्या वाल्डॉर्फच्या ऑफिसातली मंडळी जेवायला येणार, आणि त्यात दोन जर्मन. बुधवारी तनयने पिंप थंड केलं, गढूळपणा तळाशी बसावा म्हणून जिलेटीनची एक पुडी कोमट पाण्यात विरघळवली आणि आत ओतली. आंबणं संपल्यावर, बिअर गार असताना. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने काहीतरी अगदी योग्य वेळी घातलं होतं. रिकामी पुडी त्याने रद्दीच्या डब्यात, तळाशी, जाहिरातींच्या कागदांखाली दडपली.

त्याच संध्याकाळी भास्करराव सांगलीला फोनवर बोलत होते. पाणी, बार्ली, हॉप्स आणि यीस्ट, पाचवी वस्तू नाही, हा जर्मनांचा जुना नियम तनयनेच त्यांना कौतुकाने सांगितला होता.

"आमचे जावई सोवळ्यात करतात बिअर," ते भावाला म्हणाले. "मी आजवर शिवलो नाही, पण पंचाहत्तरीला ही चाखणार."

तनयने तोंड उघडलं. मग उघडलंच आहे तर म्हणून जांभई दिली.

शनिवारी बिअर अशी नितळ निघाली की ग्लासापलीकडची बोटं दिसावीत. जर्मन पाहुण्यांनी माना डोलावल्या. तनयची बायको ज्ञानदा वडिलांचा फोटो काढायला उभी राहिली. भास्कररावांनी ग्लास दिव्यासमोर धरला.

"कशाने हो एवढी नितळ झाली, तनयराव?"

"थंडीने, बाबा."

ग्लासातून त्यांनी जावयाकडे पाहिलं. सोनेरी, जरा फुगलेला असा तनय त्यांना दिसला असणार.

"थंडी आहेच इथली तशी," ते पाहुण्यांना म्हणाले.

आणि मग जे झालं नाही, ते झालं.

रविवारी सकाळी तनय ओले टॉवेल घेऊन बाल्कनीत गेला. घरातला कचरा वेगळा करायचं खातं भास्कररावांनी आल्या आठवड्यातच आपल्याकडे घेतलं होतं. डबे, झाकणं, वेष्टणं सगळं धुऊन, वाळवून, वाचून ते ज्याच्या त्याच्या पिशवीत टाकत. दोरीवर त्यांच्या दोन रुमालांच्या मधोमध, चिमट्याला, जिलेटीनची पुडी होती. कडेने नीट कापून उलगडलेली, नाव बाहेर. पार कडकडीत वाळलेली.

भास्करराव मागे येऊन उभे राहिले. त्यांनी पुडी काढून चौकोनी घडी घातली.

"रद्दीत टाकली होती तुम्ही. आतून चकचकीत थर आहे, ही वेष्टणांच्या पिवळ्या पिशवीत जाते."

"कधी... कधी धुतलीत, बाबा?"

"गुरुवारी."

त्यांनी तनयच्या हातातले टॉवेल घेतले, झटकले, एकेक करून वाळत घातले.

"ज्ञानदाला सांगा, माझं पान मांडू नका आज. पोट जरा जड आहे."

तनय टेबलापाशी येऊन बसला. त्याने लॅपटॉप उघडला आणि घरगुती बिअरवाल्यांसाठी कधीतरी शोधून ठेवलेला झोलआम्टचा, म्हणजे बिअरवरचा कर पाहणाऱ्या कचेरीचा, पत्ता वर टाकला. आतून ज्ञानदा विचारत होती की बाबांना भूक का नाही. तो टाइप करत होता.

माननीय महोदय, शनिवारी अर्जदाराच्या घरी एका ज्येष्ठ नागरिकाकडून जाणीवपूर्वक घेतले गेलेले दोन घोट न घेतलेले म्हणून नोंदवून घ्यावेत. तांत्रिक कारणास्तव ते शक्य नसल्यास सदर दोन्ही घोट, तसेच रविवारचा उपास, अर्जदाराच्या नावे वर्ग करण्यात यावेत, ही नम्र विनंती.